एफडी मोडू नका

ती. आई-बाबांस, सा. न.

बाबा, आधी ते बँकेत जाणं थांबवा. बाळाला आम्ही परवाच खासगी दवाखान्यातून सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात हलवलंय. आधी विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता. रागवा, पण पत्र पुरतं वाचून.

फक्त पैशांसाठी नाही हो. (पैशांसाठीही आहेच. तिथलं रोजचं बिल बघून ह्यांनी दोन रात्री हिशेब मांडण्यातच काढल्या.) तिथे ती मला काचेतूनच दिसायची. इथे मी आत जाते, तिला उघड्या उराशी धरते. बत्तिसाव्या आठवड्यात आलेली पोर, तिला त्या काचेच्या पेटीइतकीच आईच्या अंगाची ऊब हवी, असं सिस्टर म्हणतात. औषधं, तपासण्या, घरी सोडणारी गाडीसुद्धा फुकट. 2011 पासूनची योजना आहे, माझी काही ओळखबिळख नाही.

गर्दी आहे, लपवत नाही. पहिल्या रात्री एका वॉर्मरवर, म्हणजे बाळांना ऊब देणाऱ्या पाळण्यावर, दोन बाळं, आणि सगळ्या खोलीला दोन सिस्टर. एक मशीन वाजलं की धावायच्या, तोवर दुसरं वाजायचं. मी बाहेर बाकावर बसून, आपलंच तर नाही ना वाजत, एवढंच ऐकत होते. शेजारी धारची एक मुलगी होती, टाके ओले, जमिनीवर बसलेली. आता आम्ही एकाच डब्यात जेवतो.

वजन 1350 ग्रॅम होतं, 1260 वर उतरलं, आज 1390. सुरुवातीला सगळ्यांचंच उतरतं, आई, लगेच देव पाण्यात ठेवू नकोस. वाटी-चमच्याने माझंच दूध पिते.

काल ह्यांनी तिला शर्टाच्या आत घेतलं आणि मला तो तपकिरी कोट आठवला. ग्वाल्हेरच्या आपल्या लष्कर भागातली थंडी, मी कोटात, बाहेर नुसतं नाक. बाबा, तेव्हा तुम्हाला हे कोणी शिकवलं होतं?

इतक्यात येऊ नका. तुम्हाला आत सोडणार नाहीत, आणि त्या बाकावर बाबांचे गुडघे दोन तासही निभायचे नाहीत. महिन्याची व्हायच्या आत तिच्या डोळ्यांचे पडदे तपासायचेत, त्याआधी ग्वाल्हेर नाही. बारसं नंतर. आत्याला तूच सांग, माझं ती ऐकत नाही. बीपीची गोळी सकाळची सकाळीच घ्यायची, आठवेल तेव्हा नाही.

तुझ्या जुन्या, मऊ झालेल्या सुती साड्या तेवढ्या पाठव, बाळाला बांधायला. धुऊन, उन्हात वाळवून. निळी मात्र फाडू नकोस, ती मला हवी आहे.

तुमची,
छकुली