सिल्व्हिया प्लाथची पत्रिका वाचायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर प्रणाम, विनंती विशेष.

कवयित्री सिल्व्हिया प्लाथ हिच्या जन्मपत्रिकेवरचा माझा लेख पूर्ण झाला असून, तो छपाईला देण्याआधी आपले आभार मानावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपले नाव कुठेही येऊ नये अशी आपली इच्छा असल्याने ते लिहिलेले नाही. पत्र मात्र जाणीवपूर्वक सर्वांसमोर ठेवत आहे, कारण दुःखात संपलेल्या आयुष्याची पत्रिका कशी वाचावी याविषयी आपण जे शिकवले, ते केवळ माझ्यापुरते राहू नये असे मनापासून वाटते.

पत्रिका मांडण्यापूर्वी आपण पहिला प्रश्न विचारलात तो जन्मवेळ कुणी नोंदवली याचा. प्लाथचा जन्म 27 ऑक्टोबर 1932 रोजी बोस्टन येथे दुपारी 2 वाजून 10 मिनिटांनी झाला. त्यानंतर आपण मॅसॅच्युसेट्समधील उन्हाळी वेळेविषयी विचारलेत. ऑक्टोबरअखेरीस ती संपलेली होती, म्हणजे घड्याळ ग्रीनिचच्या पाच तास मागे, हे निश्चित झाल्यावरच आपण लग्न, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी राशी, काढू दिलेत. सुमारे 22 अंश 55 कला अयनांश (पाश्चात्त्यांची सायन आणि आपली निरयन या दोन राशिगणनांमधला फरक) धरून लग्न कुंभ आले, आणि सायन पद्धतीनेही ते कुंभच राहते. सूर्य आणि चंद्र मात्र राशी बदलतात. सायन पत्रिकेत सूर्य वृश्चिकेत व चंद्र तुळेत आहे, तर आपल्या निरयन पत्रिकेत सूर्य तुळेत आणि चंद्र कन्येत, हस्त नक्षत्रात येतो. पाश्चात्त्य ज्योतिषी वृश्चिकेतल्या सूर्यावरून प्लाथच्या मृत्यूविषयी पानेच्या पाने लिहितात. राशी बदलल्यावर तीच पाने आपल्याकडे नीच, म्हणजे सर्वांत दुर्बळ मानल्या जाणाऱ्या, सूर्यावरून लिहिता येतील, आणि दोन्हीकडे निष्कर्ष आधीच ठरलेला असेल, हे आपण दाखवून दिलेत. शेवट ठाऊक असलेल्या माणसाची पत्रिका वाचताना प्रत्येक ग्रह त्या शेवटाकडेच बोट दाखवू लागतो. म्हणून आपण मला तिच्या मृत्यूची 11 फेब्रुवारी 1963 ही तारीख बाजूला ठेवायला सांगितलीत आणि तिच्या कवितांच्या तारखा घेऊन यायला सांगितलेत.

सूर्याजवळ आपण सर्वांत जास्त वेळ थांबलात, आणि माझ्या मते या पत्रिकेचे मर्म तिथेच आहे. सूर्य तुळेच्या दहाव्या अंशावर परमनीच मानला जातो. प्लाथचा सूर्य अकराव्या अंशाच्या आसपास, लग्नापासून नवव्या, भाग्यस्थानी म्हणजे पित्याच्या स्थानी आहे. पितृकारक, म्हणजे पित्याचा निदर्शक, ग्रह पित्याच्या स्थानी नीच, आणि तिचे वडील ऑटो प्लाथ 5 नोव्हेंबर 1940 रोजी, तिच्या आठव्या वाढदिवसानंतर जेमतेम आठवडाभराने वारले. मंगळाची महादशा, म्हणजे आयुष्यावर मंगळाचा अंमल मानला जाणारा काळ, चालू होती. इतकी जुळणी दिसल्यावर बहुतेक जण ‘पितृसौख्य नाही’ असे लिहून पान उलटतील. आपण पान उलटू दिले नाही. मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर या महिनाभरात जगात कुठेही जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा सूर्य नीच असतो, आणि त्या सर्वांचे वडील आठव्या वर्षी जात नाहीत, हे आपले वाक्य मी लेखात जसेच्या तसे घेतले आहे.

ऑटो प्लाथ कीटकशास्त्रज्ञ होते, बोस्टन विद्यापीठात शिकवत असत आणि मधमाश्यांच्या कुळातल्या भुंग्यांचे जाणकार म्हणून ओळखले जात. त्यांना मधुमेह होता. परंतु आपल्याला कर्करोगच झाला आहे असे स्वतःच ठरवून ते डॉक्टरांकडे गेले नाहीत. पायाची जखम चिघळली, पाय कापावा लागला आणि त्यातून ते उठले नाहीत. इन्सुलिन त्या काळी जवळजवळ दोन दशके उपलब्ध होते. मृत्यूचे कारण इतके स्पष्ट असताना ते ग्रहाच्या माथी मारणे हा मृतावर आणि शास्त्रावर दोघांवरही अन्याय आहे, असे आपण म्हणालात, आणि ते मला पूर्णपणे पटते.

मग हा सूर्य वाचायचा कसा, तर त्याची दृष्टी पाहून. तुळेतल्या नीच सूर्याची सातवी दृष्टी मेषेवर पडते, आणि मेष ही सूर्याची उच्च राशी. कुंभ लग्नाला मेष तृतीयस्थानी येते, म्हणजे पराक्रमाच्या, हाताच्या आणि लेखनाच्या स्थानी. सप्तमातल्या गुरूची नववी दृष्टीही त्याच स्थानावर आहे. जिथे वडील नाहीत तिथूनच लेखनाकडे पाहिले जाते, असे आपण ही पत्रिका समोर ठेवून म्हणालात आणि लगेच माझ्याकडून तारखा मागितल्यात. वडील गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1941 साली, आठ वर्षांच्या मुलीची कविता ‘बोस्टन हेरल्ड’ या वृत्तपत्रात छापून आली. 1962 सालच्या ऑक्टोबरात तिने आठवडाभरात मधमाश्यांवरच्या पाच कविता लिहिल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, 12 ऑक्टोबरला, वडिलांना थेट उद्देशून असलेली तिची सर्वांत प्रसिद्ध कविता लिहिली. एकवीस वर्षे ती वडील ते लेखन या त्याच रेषेवर ये-जा करत होती. फलित सांगावे तर असे, की त्यामुळे कविता अधिक नीट वाचता यावी. यापुढे मी स्वतःसाठी हाच निकष ठेवणार आहे.

चंद्राविषयी आपण जे सांगितलेत त्याने मी खरोखर थक्क झाले. अश्विन अमावास्येच्या दोन दिवस आधीचा हा क्षीण चंद्र अष्टमस्थानी, म्हणजे मृत्यूच्या मानल्या जाणाऱ्या आठव्या स्थानी आहे. ज्योतिषात चंद्र मनाचा कारक आहे तसाच मातेचाही. 1961 सालच्या ऑक्टोबरात डेव्हनमधल्या नॉर्थ टॉटन या गावी, घराशेजारच्या चर्चच्या आवारातला सदाहरित वृक्ष आणि त्यावर आलेला चंद्र खिडकीतून पाहून प्लाथने एक कविता लिहिली आणि तीत चंद्राला स्पष्टपणे आपली आई म्हटले. कवितेतली ही आई मेरीसारखी कोमल नाही; ती उघडीबोडकी आहे, रानटी आहे आणि तिच्याकडून कसलाही दिलासा मिळत नाही. आपल्या शास्त्राशी काहीही संबंध नसलेली कवयित्री मन, माता आणि चंद्र यांना एकाच जागी आणते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. तरीही आपण इथेही मला सावध केलेत. प्रत्यक्षातली आई ऑरेलिया हिने नवऱ्याच्या मागे शिक्षिकेची नोकरी करून दोन मुले वाढवली, आणि मुलीने तिला आयुष्यभर शेकडो पत्रे लिहिली. पत्रिकेतला चंद्र कवितेतल्या आईशी जुळतो म्हणून तो खऱ्या आईवर आरोपपत्रासारखा वापरायचा नाही, हे आपले बजावणे मी विसरणार नाही.

विवाहाच्या बाबतीत लेख मी मुद्दाम आवरता ठेवला आहे, कारण त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यातले बरेचसे कुणाची तरी बाजू घेऊन लिहिलेले आहे. वाणीस्थानाचा स्वामी गुरू सिंहेत, सप्तमात म्हणजे विवाहस्थानी, केतूजवळ, आणि समोर लग्नी राहू. जोडीदार कवी असणे, एकमेकांच्या शब्दांवर दोघांचे पोसले जाणे आणि पुढे तुटणे, हे सारे त्या योगात वाचता येते. 25 फेब्रुवारी 1956 रोजी केंब्रिजला इंग्लिश कवी टेड ह्यूजशी भेट आणि 16 जून 1956 रोजी लंडनमध्ये विवाह, ही दोन्ही राहू महादशेतली. ह्यूजचा पहिला संग्रह तिनेच टंकलिखित करून स्पर्धेसाठी पाठवला होता. ह्यूज स्वतः कुंडल्या मांडत असे, आणि त्या पहिल्या भेटीच्या रात्रीचे ग्रहयोग त्याने 1998 साली प्रसिद्ध झालेल्या कवितांमध्ये आणले. त्या दोघांच्या घरात टॅरोची पाने होती, प्लँचेटसारखे प्रयोग होत असत. एखाद्या कवयित्रीची पत्रिका तिच्या पश्चात उघडण्याचा आपल्याला अधिकार काय, या माझ्या शंकेला आपण याच वस्तुस्थितीवरून उत्तर दिलेत: ही भाषा तिच्या घरात बोलली जात होती.

साडेसातीचा मुद्दा मी आपल्या सांगण्यावरूनच सविस्तर घेतला. ऑगस्ट 1953 मध्ये प्लाथने जीव देण्याचा प्रयत्न केला आणि त्यानंतर बेलमाँट येथील मॅक्लीन रुग्णालयात तिच्यावर दीर्घ उपचार झाले. कन्या राशीची साडेसाती चालू होती, राहूची महादशा होती, आणि लग्नी राहू आहेच. ‘सगळे जुळले’ असे म्हणायचा मोह इथे सर्वांत मोठा असतो. आपण मला त्याच साडेसातीची इतर पाने भरायला लावलीत. 1950 साली शिष्यवृत्ती मिळवून स्मिथ कॉलेजात प्रवेश, 1953 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या एका नामांकित मासिकात पाहुणी संपादक, आजारातून उठून 1955 साली सर्वोच्च श्रेणीत पदवी, आणि त्याच वर्षी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर केंब्रिजला प्रयाण. शनी बारापैकी तीन राशींतून जात असतो तेवढा काळ साडेसाती. म्हणजे कोणत्याही क्षणी साधारण चतुर्थांश माणसे तिच्यातून जात असतात. तीच साडेसाती, त्याच मुलीला, रुग्णालयातही घेऊन गेली आणि पदवीदान समारंभातही.

लग्नेश, म्हणजे लग्नराशीचा स्वामी, शनी मकरेत, स्वराशीत, पण व्ययस्थानी म्हणजे बाराव्या स्थानी आहे. बाराव्या स्थानाचा अर्थ रुग्णालय, एकांत, परदेश असा सांगितला जातो आणि तो प्लाथच्या आयुष्याला लागू पडतो. त्या स्थानातला बलवान शनी काय करू शकतो, हे मात्र आपण 1962 च्या शरदावरून दाखवलेत. त्या काळात गोचरीचा, म्हणजे त्या वेळी आकाशात प्रत्यक्ष फिरणारा, शनीही पुन्हा मकरेतच होता. संसार मोडला होता, दोन लहान मुले सोबत होती, आणि परदेशातल्या त्या घरात ती पहाटे चारला उठून मुले जागी होईपर्यंत लिहीत असे. ऑक्टोबरच्या एका महिन्यात सुमारे पंचवीस कविता झाल्या. 27 तारखेला, तिसाव्या वाढदिवशी, तिने ‘एरियल’ ही कविता लिहिली. कच्चे खर्डे स्मिथ कॉलेजच्या गुलाबी कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर आहेत. हे कागद वाया जाऊ न देणे, ही पहाटेची वेळ आणि ही एकांतातली शिस्त म्हणजे शनीच, असे आपण म्हणालात तेव्हा व्ययस्थान या शब्दाची मला वाटणारी भीती कमी झाली. तिने स्वतः लावलेल्या क्रमात ‘एरियल’ याच नावाचा तिचा संग्रह ‘प्रेम’ या शब्दाने सुरू होऊन ‘वसंत’ या शब्दावर संपतो. 1965 साली छापलेल्या आवृत्तीत ह्यूजने क्रम बदलला. तिचा मूळ क्रम वाचकांना 2004 साली मिळाला. तिचा शेवट गृहीत धरून पत्रिका वाचणाऱ्याला हा वसंत दिसणारच नाही.

शेवटच्या हिवाळ्याविषयी मी लेखात एकच परिच्छेद ठेवला आहे आणि त्यात ग्रहांचा उल्लेख नाही. ब्रिटनमधली ती असाधारण कडाक्याची थंडी, एकटीने सांभाळायची दोन मुले, पुन्हा उलटलेले नैराश्य, नुकतेच सुरू झालेले आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागणारे औषध, आणि रुग्णालयात जागा मिळवण्यासाठी डॉक्टरांची चाललेली खटपट. तिथे ज्योतिषाने गप्प राहावे, ही आपली अट होती.

बाई, हे केवळ एका लेखाचे ऋण नाही. माझी भाची कविता लिहिते, तिचाही चंद्र अष्टमात आहे, आणि गेल्या वर्षी ती महिनोन्महिने झोपत नव्हती. कुणीतरी तिला पत्रिकेवरून नको ते सांगितले होते. मी तिची पत्रिका घेऊन आपल्याकडे आले तेव्हा आपण ती उघडलीच नाहीत. ‘आधी तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे ने, औषध सुरू होऊ दे, मग ती स्वतः आली तर बघू,’ एवढेच म्हणालात. तिचे उपचार चालू आहेत, ती झोपते, आणि पत्रिका दाखवायला अजून आलेली नाही. अष्टमातल्या चंद्राचा अर्थ विचारणाऱ्याला तो अर्थ सांगण्याआधी त्याची झोप कशी आहे हे विचारायचे असते, ही गोष्ट मी आपल्याकडून शिकले. त्यासाठी आमचे सारे कुटुंब आपले कायमचे ऋणी आहे.

लेखाची प्रत सोबत जोडली आहे. मंगळाविषयीचा परिच्छेद अजून माझ्या मनासारखा उतरलेला नाही. आपली नजर त्यावरून एकदा फिरावी आणि जे खोडावेसे वाटेल ते निःसंकोच खोडावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी