तिथीची पाऊणपट

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रोज तर फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण एक गोष्ट तीनदा जिभेवर येऊन परत गेली, म्हणून कागद घेतला.

गेल्या रविवारी आम्ही इथल्या, सिंगापूरच्या लाझरस बेटावर गेलो होतो. मेट्रोचं शेवटचं स्टेशन मरीना साउथ पिअर, समोरच धक्का, तिथून अर्ध्या तासाची लाँच. लाँच सेंट जॉन्स बेटाला लागते आणि लाझरसला बांधावरून चालत जायचं. सेंट जॉन्सचं मूळ मलाय नाव पुलाव सेकिजांग बेंडेरा. पुलाव म्हणजे बेट. ईशानला वाटलं जेवायला पुलाव आहे. त्या सेकिजांगचं साहेबाच्या कानात सेंट जॉन झालं म्हणतात, आपल्या शीवचं सायन झालं तसं.

बाबा, १८७३ मध्ये सिंगापुरात कॉलऱ्याची साथ आली आणि पुढच्याच वर्षी या बेटावर क्वारंटाईन सुरू झालं. पोटासाठी बोटीतून आलेली माणसं इथे उतरवून घ्यायची, साथ नाही याची खात्री झाली की सोडायची. समोर शहर दिसतंय आणि जाता येत नाही. कोविडच्या वेळी मी हॉटेलच्या खोलीत १४ दिवस काढले, तर आई रोज फोनवर रडायची. खोलीच्या दारात जेवण तरी येत होतं गं.

आता तिथे मांजरं आहेत, भरपूर. एक बोका थेट डब्यापाशी आला, तिखटमिठाच्या पुरीला तोंड लावलं, लसणीच्या चटणीचा वास घेतला आणि शेपटी ताठ करून निघून गेला. सई म्हणाली, ‘आजीची चटणी नाही ना, म्हणून.’

लाझरसचा किनारा चंद्रकोरीसारखा. पांढरी वाळू, माडाची रांग, माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. पण खरं सांगू? मला तो समुद्र वाटलाच नाही. वाळू बाहेरून आणून घातलेली, पाणी तळ्यासारखं गप्प. ना सुक्या मासळीचा वास, ना रापणीचा आरडाओरडा, ना लाटेचा आवाज. लांबवर नांगरलेली मोठमोठी जहाजं मात्र दिसतात, ओळीने, ट्रॅफिकमध्ये अडकल्यासारखी. मुलांना हाच समुद्र. आपला कुणकेश्वरचा त्यांना ‘रागीट’ वाटतो.

आणि इथेच ते घडलं. सई फुगवलेल्या चाकावर पडून होती. मी पुरीचा घास घेतला, मान वर केली, तर ती मघाच्या माडासमोर नव्हती. चार माड पलीकडे गेली होती. पाणी हलताना दिसतही नव्हतं! मी उठून उभी राहिले आणि ओरडले, ‘परत फिर! आधी बाहेर ये, मग बोल!’ सगळा किनारा वळून बघायला लागला. सई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि हसली. हे म्हणाले, ‘अगदी बाबांसारखी ओरडलीस.’

मे महिन्यात मी अंगणात तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले ते आठवतंय ना? ओहोटी लागली होती, तुम्ही मुलांना पाण्यात जाऊ देत नव्हता आणि मी म्हणाले, ‘ती पोहायला शिकलीत, तुम्ही उगाच घाबरवू नका.’ तुम्ही काहीच बोलला नाहीत. आत जाऊन चटईवरची आमसुलं उलटी करत बसलात. सकाळीच उलटी करून झालेली. मला ते दिसत होतं आणि तरी मी आले नाही. चुकलं माझं, बाबा. फोनवर हे म्हटलं असतं, तर तुम्ही ‘सोड गो’ म्हणून आईकडे फोन दिला असता.

शेवटची लाँच चुकता चुकता राहिली. बांधावरून अक्षरशः पळत आलो, एक चप्पल तिकडेच राहिली.

लाँचमध्ये ईशानला तुमचा हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर सहाला. पाऊणपट म्हणजे काय इथपासून सुरुवात. तुम्ही शाळेत पाऊणकी पाठ केलीत यावर त्याचा विश्वास बसत नाही. त्याने फोनवर देवगडची भरतीची वेळ काढली, आजची तिथी शोधली आणि गणित घालत बसला. दहा-बारा मिनिटांचा फरक आला. आता त्याचं म्हणणं, चूक फोनची आहे.

१९ डिसेंबरला सकाळी पोचतोय. आई, या वेळी माझ्यासाठी काही करून ठेवू नकोस, कुळथाची पिठी आणि भात पुरे. बाबा, कालनिर्णयमध्ये त्या दिवशीची तिथी बघून ठेवा. ईशान आल्याआल्या विचारणार आहे, आणि तुम्ही सांगाल तेव्हाच मुलं पाण्यात उतरतील.

तुमची,
बाय