फिल्मचे रंग फिके येतात त्याबद्दल

माननीय संपादक, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत फिल्म कॅमेऱ्यावरचा लेख वाचला, लई बरं वाटलं. आपल्या नागपुरात कॉलेजची पोरं घरातले जुने कॅमेरे काढून पुन्हा रोल टाकून राहिली आहेत, पण तक्रार एकच, रंग फिके येतात, मग स्कॅन मोबाईलवर घेऊन सॅच्युरेशन वाढवत बसतात आणि पळसाची फुलं पार प्लॅस्टिकची दिसायला लागतात. अहो, रंग आधी फिल्मवर उतरला पाहिजे ना.

साध्या कलर निगेटिव्हला, म्हणजे जिच्यावर रंग उलटे उमटतात त्या फिल्मला, उजेड थोडा जास्तच द्यावा, २०० आयएसओचा (हा आकडा म्हणजे फिल्म उजेड किती पटकन टिपते ते) रोल असला तर कॅमेऱ्याची आयएसओ डायल १०० वर ठेवा, सावलीतले रंग भरून येतात आणि फोटोतला खरखरीत दाणाही कमी दिसतो. स्लाइड, म्हणजे जिच्यावर सरळ खऱ्या रंगांचंच चित्र येतं ती फिल्म, तिचं बरोबर उलटं, तिथे उजेड जरा जास्त झाला की रंग गेलाच, म्हणून १०० च्या रोलला १२५ लावायचं, त्याहून पुढे जाऊ नका. मुळातच गडद रंग हवे असतील तर निगेटिव्हमध्ये कोडॅक एक्टार १०० घ्या, स्लाइडमध्ये फुजीची वेल्व्हिया ५०, महाग आहे पण तिचा हिरवा आणि लाल बघाच.

आणि पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा चमक कापणारा फिरता फिल्टर, हा तर मी सगळ्यांना सांगत असतो. काटोलकडे संत्र्याच्या बागेत पानांवर आभाळाची चमक असते, ती फोटोत पांढरट येते आणि खालचा हिरवा मरतो. पोलरायझर लावून हळूहळू फिरवा, चमक जाते न् पानाचा खरा रंग वर येतो. आकाश निळंशार हवं असेल तर सूर्य खांद्याच्या बाजूला ठेवायचा, पाठीशी नाही. पोलरायझर दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो, उजेड मोजायचं मीटर लेन्समधून मोजणारं नसेल तर तेवढा हिशेब धरा.

आता उन्हाळ्याचं. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि काही दुकानांत रोल काचेच्या शोकेसमध्ये उन्हात पडलेले मी स्वतः पाहिलेत, फार वाईट वाटतं. उष्णतेने फिल्मवरचे रंगांचे थर सारखे राहत नाहीत, कॉन्ट्रास्ट उतरतो, मग एक्स्पोजर कितीही बरोबर द्या. रोल फ्रिजमध्ये ठेवा, वापरायच्या तास-दीड तास आधी काढा पण डबी लगेच उघडू नका, आत पाणी धरतं. गाडीच्या डिक्कीत तर ठेवूच नका, आणि काढून झालेला रोल लवकर धुवायला द्या.

दुकानदारांनाही तुमच्या पेपरमधून कळकळीची विनंती, निदान मार्च ते जून रोल फ्रिजमध्ये ठेवा, पोरं पैसे जमवून घेतात हो.

आपला एक वाचक,
धरमपेठ, नागपूर