ऐन फुटत नाही, ओला बसवला म्हणून फुटतो

मा. संपादक,
स. न.

कोकणातल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. कौले आणि जांभा यांबद्दलचा मजकूर चांगला आहे. मात्र ऐनाला फुटणारे, दुय्यम लाकूड ठरवून सरसकट साग वापरण्याचा सल्ला दिला आहे, तो पटला नाही. ज्या जुन्या घरांचे फोटो लेखात आहेत, तशा कित्येक घरांचे खांब नि तुळया ऐनाच्या किंवा त्याच्याच जातकुळीतल्या किंजळाच्याच असतात.

मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली साल असलेले ऐनाचे झाड विदर्भात येन म्हणून ओळखतात. वाळलेल्या ऐनाचा एक घनफूट साधारण 24-25 किलो भरतो, सागाचा 18-19. वजनाच्या मानाने ताकदही आहे, म्हणून खांब, तुळई, वासे आणि चौकटीला ऐन उत्तम. दाराच्या पल्ल्याला मात्र तो घेऊ नये. सात बाय तीन फुटांचा सव्वा इंची पल्ला ऐनात 50 किलोच्या वर जातो, सागात 40 च्या आसपास राहतो. बिजागऱ्या ओढल्या जातात, आणि पावसाळ्यात पल्ला फुगून अडतो तो वेगळाच. पल्ले सागाचेच करावेत.

आता फुटण्याबद्दल. लाकडातला ओलावा 28-30 टक्क्यांच्या खाली उतरू लागला की ते आक्रसते, आणि ऐन सागापेक्षा बराच जास्त आक्रसतो. त्यातही वरचा थर लवकर सुकला आणि आत ओल राहिली, तर वरचा थर ताणला जाऊन चिरतो. फाल्गुन-चैत्रातला गरम वारा ओल्या ओंडक्याला लागला की हेच होते. त्यासाठी थंडीत तोडलेला ऐन लगेच कापून घ्यावा, ओंडका तसाच उन्हात पडू देऊ नये. कापलेला माल छपराखाली, जमिनीपासून फूटभर उंच रचावा. प्रत्येक थरात दोन-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या द्याव्यात आणि त्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत याव्यात, नाहीतर फळ्यांना बाक येतो. दोन्ही टोकांना डांबर किंवा जाड ऑइलपेंट लावावा, कारण ओल सर्वांत वेगाने टोकांतूनच जाते. वाऱ्याच्या बाजूला झापांचा (विणलेल्या झावळ्यांचा) आडोसा करावा आणि थप्पीवर वजन ठेवावे. तीन इंची चौकटीच्या मालाला निदान दोन उन्हाळे मिळाले पाहिजेत. गिऱ्हाईक थांबायला तयार नसते, ही खरी अडचण आहे.

वखारवाला ‘सुका माल’ म्हणाला, तरी तपासणी घरी होते. टोकापासून फूटभर आत इंचभर जाडीची चकती कापून घ्या, लगेच वजन करा. 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवा. समजा 252 ग्रॅमची चकती 200 ग्रॅमवर थांबली, तर ओलावा 26 टक्के. असा माल चौकटीला लावला की वर्षभरात सांधे ढिले पडतात आणि गिलावा चौकटीपासून सुटतो. किनाऱ्यावर 14 ते 16, देशावर 12 टक्क्यांच्या आसपास ओलावा असावा.

खांब घेताना मगज, म्हणजे खोडाच्या अगदी मधोमधचा मऊ भाग, आत आहे का, ते टोकाकडून पाहावे. मगज आत असला की एक लांब भेग पडणारच. ती उभी असेल तर खांबाला फारसा धोका नसतो. तुळईच्या टोकाशी, उंचीच्या मध्यावर आडवी गेलेली भेग मात्र घाबरण्यासारखी आहे. तिथे आधार न देता नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारणे म्हणजे स्वतःची फसवणूक.

सुताराला दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. खिळ्याआधी गिरमिटाने भोक पाडायचे, आणि बाहेरच्या बाजूला लोखंडी खिळा वापरायचा नाही. ऐनात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, ओल लागली की लोखंडाभोवती काळेनिळे डाग पसरतात. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूला डांबर लावावे. तुळईचे टोक जांभ्यात चुन्याने किंवा सिमेंटने घट्ट बुजवू नये. भोवती अर्धा इंच हवा राहिली नाही की टोक आतून कुजते, आणि वरून काही दिसत नाही.

किडीचा प्रश्न ऐनाला आहे तसा सागालाही आहे. गाभ्याभोवतीचे फिकट, कोवळे लाकूड दोघांचेही किडे खातात. कमी वयाच्या सागात हेच लाकूड जास्त असते, म्हणून ‘सागाला कीड लागत नाही’ हे अर्धसत्य आहे. फिकट भाग काढणे शक्य नसेल, तर 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ॲसिड विरघळवून ओला मालच त्यात बुडवावा. पावसात हे औषध धुऊन जाते, तेव्हा ते घरातल्या लाकडापुरतेच समजावे.

लेखात न आलेली आणखी एक गोष्ट. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत ऐन आणि किंजळ दोन्ही आहेत. झाड स्वतःच्या परड्यातले असले तरी तोडण्याची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि मालाबरोबर वाहतुकीचा पास हवा. वखारीतून घेतलेल्या मालाचे बिल दुरुस्ती संपल्यावरही जपून ठेवावे.

आपला,
इमारती लाकडाच्या धंद्यातील एक वाचक, चिपळूण