मिस्त्रीकाका, लाकूड आता जळत नाही

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, भडंगाची पुडी अर्धी टाकून उठलात आणि फोनवर आभार मानायला लागले की "बरं, बरं" म्हणून फोन ठेवता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

बाकीच्यांसाठी सांगते: सांगलीत माझं छोटं वर्कशॉप आहे. पाट, चौरंग, देव्हारे. टेबल सॉ (टेबलातून गोल पातं वर आलेली मोटरची करवत) सेकंडहँड. २०१९ च्या महापुरात आधीच्या मालकाकडं ती चार दिवस पाण्यात होती, हे मला घेतल्यावर कळलं. (एवढी स्वस्त का मिळाली, तेही तेव्हाच कळलं.)

यंदा मोटर नुसती गुरगुरायला लागली, फिरेना. जिथं नेली तिथं रिवाइंडिंगचे, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळायचे, साडेतीन हजार घेतले. दोन दिवस चालली, परत गुरगुर. सुरू झालीच तर नवं दुखणं: सागवान चिरलं की कडेला काळा चट्टा, वर धूर. पातं बदललं. मग आणखी एक बदललं. चट्टा तसाच. आणि एके दिवशी हातभर फळी मशीननं उलटी भिरकावली, माझ्या कमरेला चाटून दारावर आदळली. त्या संध्याकाळी तुम्हाला फोन केला.

मिरजेहून आलात, प्लग काढलात आणि वायर गुंडाळून मांडीवर घेऊन बसलात. मी पाना घेऊन तयार. तुम्ही म्हणालात, "खोलायची घाई कशाला करतीस? आधी मोज."

मोटरचं लवकर उरकलं. पातं हातानं फिरवलंत, मोकळं फिरलं, म्हणजे बेअरिंग जाम नाही. मग मोटरला फिरायला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर बदलून बघितला आणि गुरगुर संपली. दीडेकशे रुपयांची वस्तू. रिवाइंडिंग लागत होतं का, असं विचारलं तर तुम्ही नुसते मिशीत हसलात.

चट्ट्याला मात्र वेळ लागला. "जळतंय कुठल्या कडेला?" हे मी कधी बघितलंच नव्हतं. फक्त गाईडकडच्या, म्हणजे लाकूड ज्या पट्टीला टेकवून ढकलतो तिकडच्या कडेला होतं. दोन्ही कडा जळत असत्या तर पातं बोथट, दातांवर राळ साठलेली किंवा मी लाकूड फारच हळू ढकलतेय, असं धरता आलं असतं. एकच कडा जळते म्हटल्यावर पातं आणि गाईड समांतर आहेत का, ते बघायचं. तुम्ही एका दाताला खडू लावलात, तो पुढं आणून टेबलाच्या खाचेपासून अंतर घेतलंत, मग तोच दात मागं फिरवून परत. तोच दात अशासाठी, की पात्यात थोडा बाक असला तरी मापात घोळ होऊ नये. फरक निघाला पाऊण मिलिमीटर! गाईड मी खाचेला धरून लावते, तो सरळच होता. पात्याची मागची बाजू गाईडकडं झुकलेली. लाकूड त्या दोघांत आवळलं जायचं. आवळलं की जळायचं, आणि फारच आवळलं की मागचे वर येणारे दात ते उचलून माझ्याच अंगावर फेकायचे.

मोटर परत बसवताना कुणीतरी टेबलाखालचे, पात्याचा सांगाडा धरणारे बोल्ट ढिले करून तसेच आवळले होते. तुम्ही चारातले तीन सैल केलेत. लाकडी हातोडीची टिचकी, मोजणं, परत टिचकी. दीड तास. मी तीनदा "आता चालेल की" म्हणाले. तुम्ही थांबलात ०.१ मिलिमीटरवर.

जाता जाता गुण्या लावून बघितलात, पातं काटकोनात नव्हतं. पातं उभं अडवणाऱ्या आतल्या स्टॉपवर भुसा आणि पुराचा गाळ थिजून बसलेला. तो खरवडून गिअरला मेण लावायला सांगितलंत. मी आजवर ग्रीस चोपडत होते, भुसा त्यालाच धरायचा. मी टाकायला काढलेली दोन्ही पाती धुण्याच्या पावडरीच्या कोमट पाण्यात भिजवली, राळ निघाली. एक तर अजून उत्तम कापतंय.

एक काम राहिलंय. पात्यामागची पाचर. चिरलेली फट मिटून पात्याला धरू नये म्हणून ती हवीच, आणि माझ्या मशीनला ती कधी नव्हतीच. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पात्याच्या पत्र्याहून जाड पण दातांच्या कापाहून बारीक, अशी अडीच मिलिमीटरची पट्टी आणून ठेवलीय. भोकं शनिवारी पाडणार आहे. तोवर उभं (रेषांच्या दिशेनं) चिरणं बंद. येणार असाल तर सकाळीच या, दुपारनंतर आमच्याकडं व्होल्टेज पडतं. आणि या वेळी भडंग संपवूनच उठायचं.

तुमची,
सांगलीची पाटवाली