श्वापद वेगळं, प्राणी वेगळा

संपादक साहेब, हल्ली व्हॉट्सअपवर बायबलातल्या शेवटच्या पुस्तकातल्या, म्हणजे प्रकटीकरणातल्या श्वापदाचे फोटो फिरतायत, परवा विश्रामबागला चहाच्या गाड्यावर पण तेच, की हे श्वापद म्हणजे अमका देश. अहो, मूळ ग्रीक शब्द तरी बघा की! १३ व्या अध्यायातलं 'थेरिऑन' म्हणजे रानटी जनावर, आणि ४ थ्या अध्यायात देवाच्या राजासनाभोवतीचे चौघे 'झोआ', म्हणजे नुसते जिवंत प्राणी. १६११ च्या इंग्रजी बायबलात दोघांना एकच शब्द, आपल्या मराठीत मात्र श्वापद आणि प्राणी असा फरक नीट ठेवलाय. बिबट्या, अस्वल, सिंह ही तर जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकातली, ७ व्या अध्यायातली जनावरं या एका श्वापदात कोंबलीत, आणि दानीएलात ती राजे नि राज्यं आहेत असं सरळ लिहिलंय. १३ व्या अध्यायातल्याच दुसऱ्या श्वापदाला तर कोकरासारखी शिंगं, बोलतं मात्र अजगरासारखं!

– एक वाचक, सांगली