फॉरमॅट मारू नकोस, आधी तो कुठे अडतोय ते बघ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, कॉम्प्युटर गेला, उद्या फॉरमॅट मारून टाकते." तेव्हा मी नुसतं "थांब" म्हटलं. का थांबायचं ते नीट सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले. फॉरमॅट मारला की डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. त्या हार्ड डिस्कवर तुझं कॉलेजचं सगळं काम आहे आणि आजोबांचा रेकॉर्ड केलेला आवाज आहे. त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. कॉम्प्युटर दुसरा आणता येईल, तो आवाज कुठून आणणार?

तू सांगितलेलं मी लिहून ठेवलंय. सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. तीन-चारदा बंद-चालू केल्यावर येतो. तारीख कितीही नीट केली तरी पुन्हा २००९. आणि परवापासून विंडोजचं चिन्ह दिसतं न दिसतं तोच निळी स्क्रीन येऊन तो आपोआप रीस्टार्ट होतो. तुला हा एकच मोठा बिघाड वाटतोय. मला हे दोन वेगळे आणि त्या मानाने छोटे बिघाड वाटतात. विंडोज खराब झालंय असं दोन्हींतून निघत नाही.

तारखेपासून सुरू कर. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, एक चपटा गोल सेल असतो, सीआर २०३२. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, म्हणून हा आकडा. वायर काढलेली असतानाही घड्याळ चालू ठेवायचं आणि बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या छोट्या प्रोग्रामची, सेटिंग लक्षात ठेवायची, एवढंच त्याचं काम. नवा असताना तो ३ व्होल्ट देतो. इतक्या वर्षांनी तो उतरला की तारीख मागे जाते, हे तुला दिसलं. न दिसलेली गोष्ट अशी, की तारखेबरोबर बाकीची सेटिंगही पुसली जातात आणि बायोस मूळ सेटिंगवर येतं.

त्यातलंच एक सेटिंग म्हणजे साटा मोड. डिस्क आणि मदरबोर्ड एकमेकांशी कोणत्या पद्धतीने बोलतात, ते त्यावर ठरतं. तो बहुतेक वेळा आयडीई तरी असतो नाहीतर एएचसीआय. तुझं विंडोज ७ ज्या मोडमध्ये टाकलं असेल, त्याच्या उलटा मोड लागला तर सुरू होताना लागणारा ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्राम, त्याच्याकडे तयार नसतो. मग त्याला स्वतःची डिस्कच सापडत नाही आणि निळी स्क्रीन येते. फाइली जिथल्या तिथे असतात, एकही हललेली नसते.

खात्री कशी करायची? बटण दाबल्यावर एफ८ सारखं दाबत राहा. यादी येईल, त्यात आपोआप रीस्टार्ट बंद करण्याचा पर्याय आहे, तो निवड. आता निळी स्क्रीन थांबून राहील. खाली स्टॉप हा शब्द आणि त्यापुढे शून्यांची रांग दिसेल. रांगेच्या शेवटी ७बी असेल, तर माझा अंदाज बरोबर. मग बायोसमध्ये जा, आहे त्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढ, आणि फक्त साटा मोड बदलून बघ. फरक पडला नाही तर पूर्वीसारखा करून ठेव. सेल नवा टाकल्याशिवाय ते सेटिंग टिकणार नाही. जुना सेल काढलास की लगेच बंद डब्यात टाक. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका जळते, म्हणून तो टेबलावर क्षणभरही नको.

सकाळचं दुखणं वेगळं. तापल्यावर चालतो आणि थंड असताना अडतो, म्हणजे माझा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. आतल्या कपॅसिटरमधलं (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांमधलं) द्रव वर्षानुवर्षं सुकत जातं, आणि सुकलेला कपॅसिटर गारठ्यात जास्तच कमजोर पडतो. दोन-तीनदा चालू केल्यावर जरा ऊब येते आणि काम चालून जातं. प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटरही टॉर्च लावून बघ. माथा सपाट हवा. फुगला असेल किंवा तपकिरी चिकट काही बाहेर आलं असेल तर मला सांग. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात ३०० व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असू शकतो. दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघणं हीच त्याची परीक्षा.

तो मिळेपर्यंत रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, बघून घे. वायर काढ, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव आणि मग रॅम काढ. सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या पुसायच्या, कचरा झटकायचा, आणि दोन्ही क्लिपा 'खट्' वाजेपर्यंत दाबून बसवायची. दोन असतील तर एकेक लावून चालू कर.

रॅमवरून सांगते. खूप वर्षांपूर्वी ओळखीच्या एका बाईंचा कॉम्प्युटर असाच अडत होता. मी कुठे अडतोय ते न बघता फॉरमॅट मारला. नवं विंडोज टाकताना ते दर वेळी मध्येच बंद पडायचं. तेव्हा कळलं की रॅम खराब होती. बाई म्हणाल्या, "निदान फोटो तरी मिळतील ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून काल मी इतक्या घाईने थांब म्हटलं.

एका बाबतीत मात्र सगळं सोडून द्यायचं. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज आला तर लगेच बंद कर, पुन्हा चालू करून बघू नकोस आणि डिस्क तपासणारं कुठलंही टूल चालवू नकोस. मरत आलेल्या डिस्कला प्रत्येक फेरी महाग पडते. ती काढून ठेव, पुढचं आपण दोघी मिळून ठरवू.

आणि चालू झालाच, तर खूश होऊन दुसरं काही करत बसू नकोस. आधी आजोबांचा आवाज, मग तुझं काम, दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी कर. नेट तोवर जोडू नकोस. विंडोज ७ ची नेहमीची सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबली आहेत.

निळ्या स्क्रीनचा फोटो पाठव. रात्री कितीही वाजता पाठवलास तरी चालेल, मी जागीच आहे.

तुझी,
आई